जहाजातून आलेलं घंगाळ

मळणीचा महिना, शुद्ध चतुर्थी

आजपासून दैनंदिनी लिहायचं ठरवलं आहे. थानियानं त्यासाठी एक जुनी तागाची चादर फाडून पट्ट्या करून दिल्या. म्हणाली, "काय लिहायचं ते लिहा, पण माझ्यासमोर येरझाऱ्या घालू नका. घरात कोणी माती तुडवतंय असं वाटतं." माझ्या मनात काय खळबळ चालली आहे ते तिला कळत नाही. कसं कळणार? ती इथली, या कैस्रा गावची, एट्रुस्कन. मी अथेन्सचा. इथं आलो तेव्हा दाढी काळी होती, आता पांढरी आहे, पण म्हणून काय माणूस बदलतो?

खळबळीचं कारण असं. काल बाजारात रामथाबाई माझ्या दुकानापुढे थांबल्या. गावात त्यांच्यासारखं घर दुसरं नाही, आणि द्राक्षांचा हंगाम सरला की त्यांच्या लेकीचं लग्न आहे. मी मुद्दाम नवा क्रेटर पुढे मांडला होता. मद्यात पाणी मिसळायचं ते पात्र. मेजवानीच्या मधोमध हाच असतो, आणि पाहुणे घरी गेल्यावर आधी त्याच्याबद्दल बोलतात, मग जेवणाबद्दल. थानिया त्याला घंगाळ म्हणते. मी तिला दुरुस्त करून करून दमलो.

रामथाबाईंनी काठावर नखानं टिचकी मारली. आवाज ऐकला. वाकून चित्र पाहिलं. "सुरेख आहे हो. जहाजातून आलं का?"

"नाही बाईसाहेब, माझ्याच भट्टीतलं. पण मी स्वतः अथेन्सचा..."

"हां. इथलंच होय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या दुकानातल्या मधाच्या बरणीला तशीच टिचकी मारली.

मी ठरवून टाकलं. हिवाळ्यात समुद्र बंद होण्याआधी जे शेवटचं जहाज निघेल, त्यानं अथेन्सला परत जायचं. तिथं माझी कदर होईल. थानियाला सांगितलं तेव्हा ती मसूर निवडत होती. "बरं," म्हणाली. मग एक मोठा खडा काढून फेकला आणि म्हणाली, "उद्या वेल्थुरला जेवायला बोलावते." मी विचारलं, भाऊ एकाएकी कशाला? तर म्हणे, बरेच दिवस झाले त्याला पाहून. परवाच आला होता.

शुद्ध षष्ठी

वेल्थुर येऊन गेला. माझा हा मेहुणा मचव्यातून मीठ आणि खारवलेले मासे किनाऱ्याकिनाऱ्यानं नेतो-आणतो. मला मनापासून मान देतो, पण त्याच्या अंगाला वास येतो. जेवता जेवता म्हणाला, "दाजी, ती बाई काय विचारत होती? जहाजातून आलं का. मग जहाजातून आणू की."

मी म्हणालो, "अरे, ते इथं केलंय."

"मासा पण इथलाच असतो. तोच मी दोन बंदरं हिंडवून परत आणला, की लोक बोटं चाटून खातात."

"शिळा होऊन?"

"मुरून, दाजी. तुम्ही एक चांगलं घंगाळ करा. मी ते पेंढ्यात बांधून मचव्यात घालतो, पलीकडच्या खाडीत थांबतो आणि अथेन्सचं मोठं जहाज बंदराला लागून गेलं, की मागोमाग येतो. म्हणेन, त्या जहाजावरचा माल मी पुढच्या बंदरात उतरवून घेतला."

मी त्याला फटकारलं. मी कलावंत आहे. लबाडीनं नाव कमवायचं म्हणजे काय? त्यावर थानिया शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही गावात आलात कसे?"

"जहाजातून."

"आणि तुमचे हात?"

"ते माझ्याबरोबरच आले."

"मग हातांनी केलेली वस्तू जहाजातूनच आली म्हणायची."

यात तर्क आहे. मी सबंध दुपार त्यात खोट शोधली, सापडली नाही. संध्याकाळी दोघांना कळवलं की मी अशी अशी युक्ती योजली आहे. दोघांनी वाहवा केली.

शुद्ध एकादशी

चाकावर काम सुरू. एवढं मोठं पात्र एका दमात उभं राहत नाही. पोट वेगळं, गळा वेगळा, बैठक वेगळी, कान सर्वांत शेवटी. माती थानियानंच आणून भिजवून ठेवली होती, नेहमीपेक्षा बारीक चाळलेली. मी म्हणालो, आज बरं सुचलं तुला. ती हसली.

हल्ली ती रामथाबाईंकडे फार जाते. सुके अंजीर ठेवायची वाडगी पोचवायला, म्हणते. त्या घरात इतके अंजीर कोण खातं?

पौर्णिमा

चित्र काढलं. आधी मनात म्हणालो, पार्मेनोन, आता खास अथेन्सची रीत दिसली पाहिजे. इथल्या कशाचीही सावली पडता कामा नये. विषय देवांची मेजवानी. देवांचा राजा झेउस मंचकावर टेकला आहे, त्याच्याशेजारी त्याच पांघरुणात त्याची बायको हेरा. थोडी दाटी झाली, पण घरगुती वाटतं. झेउसच्या हातात काय द्यावं ते सुचेना. वीज दिली तर जेवणार कसा? समोर थानिया उकडलेलं अंडं सोलत बसली होती. शेवटी अंडंच दिलं. हातात छान बसलं.

हेराचा चेहरा मी डोळे मिटून, तरुणपणी अथेन्समध्ये पाहिलेल्या रूपवतींच्या आठवणीतून काढला. नाक जरा लांब झालं आणि हनुवटी थोडी पुढे आली. देवीला शोभतं. थानियानं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला दुसरं अंडं सोलून दिलं.

नाव घातलं नाही. अथेन्समध्ये मला आता ओळखतं कोण, असं वेल्थुर म्हणाला. बोलण्याची पद्धत नाही त्याला.

वद्य तृतीया

भट्टी लावली. आधी वारा आत सोडायचा, मग ओली लाकडं घालून सगळी भोकं बुजवायची आणि भट्टीला धुरानं कोंडायचं, मग पुन्हा वारा. एक घटका चुकली की काळं ते करडं आणि तांबडं ते भुरकं. मी सगळ्या देवांची नावं घेतली, इथल्यांचीसुद्धा. अशा वेळी भेदभाव बरा नाही.

वद्य पंचमी

निघालं. तडा नाही, डाग नाही. काळा रंग ओल्या जांभळासारखा चमकतो. मी त्याच्याभोवती फिरलो आणि, लिहायला हरकत नाही, डोळे पुसले.

वेल्थुर म्हणाला, "दाजी, एक कान थोडा उडवू का? प्रवास केल्यासारखं वाटेल."

त्याला अंगणाबाहेर काढलं. थानियानं मध्यस्थी केली. शेवटी नुसतं समुद्राचं पाणी शिंपडायचं आणि पेंढ्यात थोडं शेवाळ घालायचं, यावर तडजोड झाली.

द्राक्षतोडीचा महिना, शुद्ध द्वितीया

काल अथेन्सचं जहाज लागलं आणि गेलं. आज सकाळी वेल्थुरचा मचवा आला. मी बंदरावर सहज गेल्यासारखा गेलो. योगायोग असा की रामथाबाईही तिथंच होत्या. थानियाबरोबर बोलत उभ्या होत्या.

वेल्थुरनं पेंढा सोडला. लोक जमले. कोणी म्हणालं, "हे बघा. याला म्हणतात अथेन्स." मासळीवाली म्हणाली, "रंग बघा तो. आपल्याकडे हा रंग येतच नाही, पाणी जड पडतं." ही बाई माझ्याकडून वाडगी नेते.

रामथाबाईंनी मला पुढे बोलावलं. "पार्मेनोन, तुम्ही मूळचे तिकडचे. सांगा, माल खरा आहे का?"

अशा वेळी माणसानं काय करावं? तोंड भरून स्तुती केली तर संशय यायचा. निंदा करायला जीभ उचलेना. मी दोनदा प्रदक्षिणा घातली, काठ हातानं चाचपला आणि म्हणालो, "काम थोर आहे. अथेन्समध्येही असा हात क्वचित. फक्त कान किंचित जड वाटतात."

"पोटात दुखतंय याच्या," मागून कोणीतरी म्हणालं.

"कान अगदी बरोबर आहेत," रामथाबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज याच्यासमोर बसून शिका काहीतरी." आणि क्रेटर त्यांच्या घरी गेला.

मी जिंकलो. मग मला असं का वाटतंय, की कोणीतरी माझ्या मुलाचं कौतुक करता करता मला निपुत्रिक म्हटलं?

शुद्ध अष्टमी

रामथाबाईंचा निरोप आला. नवऱ्या मुलाची आई वेलियाबाई, तार्ख्ना गावच्या, मोठं प्रस्थ. त्यांनी कळवलं आहे की त्यांच्याकडे अशी पात्रं जोडीनं असतात, एकटं ठेवणं दरिद्रीपणाचं. जहाजात तर एकच निघालं. तेव्हा पार्मेनोननं पहिलं समोर ठेवून त्याची हुबेहूब नक्कल करावी.

म्हणजे मी माझी नक्कल करायची. आणि ती "जमेल तितकी चांगली" करायची, असे निरोपात शब्द आहेत.

थानिया म्हणाली, "करून टाका. कशाला रागावता?"

मी रागावलो नव्हतो. फक्त मातीचा गोळा चाकावर जरा जोरात आपटला.

वद्य प्रतिपदा

दुसरं झालं. ओळ मापायची, पहिल्याकडे पाहायचं, पुन्हा ओळ काढायची, हे पहिल्या सकाळीच सोडून दिलं. वैताग आला. हात चालेल तसा चालू दिला. झेउस जरा जाड झाला आणि हेरा त्याच्याकडे अशी पाहते आहे, की आत्ता काहीतरी लागट बोलणार. घाईत केलेलं काम. नाव याही खेपेला घातलं नाही. नकलेला कसलं नाव?

रामथाबाई येऊन पाहून गेल्या. मान तिरकी करून म्हणाल्या, "अथेन्सचा हात तो अथेन्सचा हात, पार्मेनोन. पण चालेल. लांबून कळणार नाही."

वद्य षष्ठी

विहीणबाई आल्या. दोन गाड्या सामान आणि बरोबर एक पोपट. घरात पाऊल ठेवल्यापासून त्यांनी प्रत्येक वस्तूला नाक मुरडलं, असं थानिया सांगत होती. "आमच्याकडे सगळं जहाजातून येतं," म्हणाल्या म्हणे, "अगदी मीठसुद्धा." वेल्थुरला तेव्हा ठसका लागला. ते मीठ तोच पोचवतो.

दोन्ही क्रेटर शेजारी मांडले होते. विहीणबाईंनी एकदाच पाहिलं. "हे खरं. आणि हे इथलं." बोट माझ्या दुसऱ्याकडे. आता ते अंगणात विहिरीशी ठेवलं आहे. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी घ्यायला.

मी जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

वद्य दशमी

काल लग्न झालं. जे घडलं ते सावकाश लिहितो.

दोन दिवसांपूर्वी अथेन्सचं आणखी एक जहाज बंदराला लागलं, हिवाळ्याआधीचं शेवटचं. त्याचा मालक द्रोमोन, तरुण व्यापारी, इथं पहिल्यांदाच आलेला, पण धंद्यापुरती इथली भाषा येणारा. रामथाबाईंनी त्याला लगेच आमंत्रण दिलं. मी म्हणालो, "अथेन्सचा माणूस हवा होता तर मी आहेच की." त्या म्हणाल्या, "तुम्ही काय, घरचे." आमंत्रण मात्र मला आणि थानियालाही होतं.

मेजवानी दणक्यात. भाजलेलं डुक्कर, अंडी, डाळिंबं, बासरीवाला, नाचणाऱ्या पोरी. मंचकांवर जोडपी टेकलेली. थानिया माझ्या बाजूला. मधोमध तिवईवर माझा क्रेटर, आणि विहीणबाई येणाऱ्या प्रत्येकाला हातानं दाखवत होत्या, जणू त्यांनीच चाकावर फिरवला आहे.

द्रोमोनला यायला उशीर झाला. अंगणातून त्याचा आवाज ऐकू आला, नोकर त्याला आत चला म्हणत होते आणि तो येत नव्हता. शेवटी आला तो ओल्या हातांनी. म्हणाला, "ते बाहेरचं पात्र कुणी केलं? पाणी घ्यायला वाकलो आणि तिथंच बसलो. ती देवी नवऱ्याकडे काय पाहते आहे. मला माझं लग्न आठवलं."

विहीणबाई म्हणाल्या, "बाहेरचं सोडा हो. ते इथलं आहे. हे पाहा, हे तुमच्या अथेन्सचं."

द्रोमोननं मधल्या क्रेटरकडे पाहिलं. जवळ गेला. एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. "हा बाहेरच्याचाच भाऊ. एकाच हाताचं काम आहे. बाहेरचं जरा जास्त मोकळं आहे, इतकंच. पण बाई, अथेन्सचं कसं असेल हे? आमच्याकडे झेउस आणि हेराला एका पांघरुणात घातलं, तर चित्रकाराला शेजारी घरात घेणार नाहीत. आमच्या घरच्या बायका पुरुषांच्या मेजवानीला येतच नाहीत. हेराला फार तर खुर्ची मिळते. आणि तिचे जोडे बघा, टोकं वर वळलेले. आणि देवाधिदेव काय करतोय? अंडं सोलतोय." त्याला हसू आवरेना. "हे अस्सल एट्रुस्कन काम आहे. तुमचंच."

बासरी थांबली. मी पंक्तीत कोणी पायांत काय घातलं आहे ते पाहिलं, आणि मग स्वतःच्या पायांकडे. टोकं वर वळलेली. हे जोडे मी कधी घालायला लागलो? आणि अथेन्सला बायका आतल्या खोलीत जेवतात, हे मी चक्क विसरलो होतो. कसं विसरलो?

विहीणबाईंनी प्याला खाली ठेवला. "म्हणजे लग्नात आम्हाला इथली माती दाखवून फसवलं." नवऱ्या मुलानं आईकडे पाहिलं, मुलीनं नवऱ्याकडे. रामथाबाईंच्या लेकीचे डोळे भरले. वेल्थुर हळूहळू दाराकडे सरकत होता.

त्या पोरीच्या डोळ्यांमुळेच असेल, मी उठलो. म्हणालो, "कोणी कोणाला फसवलेलं नाही. दोन्ही मी केली आहेत. मी अथेन्सचा आहे, म्हणून ती अथेन्सची." आणि द्रोमोनकडे वळून आमच्या भाषेत त्याचं रीतसर स्वागत केलं, कुशल विचारलं, त्याच्या कुलदेवतेला वंदन केलं.

तो ऐकत राहिला. मग फार अदबीनं म्हणाला, "काका, माझे आजोबा असं बोलायचे. किती वर्षांनी ऐकलं. आता असं कोणी बोलत नाही." पुढे म्हणाला, "आणि मधले मधले काही शब्द मला समजले नाहीत. ते इथले आहेत का?"

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या शेजारी गेलं. तिथून क्रेटरकडे, तिथून परत. "अरे," तो म्हणाला, "हेरा तर इथं बसली आहे."

सगळ्या पंगतीनं थानियाकडे पाहिलं. लांब नाक, जराशी पुढे आलेली हनुवटी. ती माझ्यासाठी अंडं सोलत होती. तिनं ते सावकाश ताटलीत ठेवलं. माझी बायको लाजलेली मी लग्नानंतर प्रथमच पाहिली. आणि मी खरं सांगतो, तोवर मला माहीत नव्हतं.

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. तेव्हा द्रोमोन रामथाबाईंना म्हणाला, "बाईसाहेब, दोन्ही मला विकता का? आमच्याकडे तुमच्या कांस्याच्या दिव्यांचं वेड आहे, पण असं मातीचं काम तिकडे कोणी पाहिलेलंच नाही. बड्या घरांत भांडणं लागतील."

रामथाबाईंनी तोंड उघडायच्या आत विहीणबाई कडाडल्या, "विकायचं कसलं? ते आमच्या सुनेबरोबर चाललंय. दोन्ही."

"पण विहीणबाई," रामथाबाई म्हणाल्या, "बाहेरचं तर तुम्ही पाय धुवायला..."

"येणाऱ्याजाणाऱ्याच्या आधी नजरेस पडावं म्हणून दारात ठेवायला सांगितलं होतं मी. तुमच्या नोकरांना समज नाही, त्याला मी काय करू? आत आणा ते. आणि पुसा."

रामथाबाईंनी बासरीवाल्याला खूण केली. मग थानियाकडे पाहिलं, आणि दोघी अशा हसल्या की जणू दोघी एकाच जात्यावर दळत आल्या आहेत. का हसल्या ते मी विचारलं. थानिया म्हणाली, "अंडं गार होतंय."

वद्य द्वादशी

द्रोमोन दुकानात आला होता. सगळं उलटसुलट करून पाहिलं. मग एक लाकडी ठोकळा ओढून बसला आणि म्हणाला, "काका, माझ्याबरोबर चला. कुंभारवाड्यात जागा देतो, भट्टी देतो. एकच अट. तुम्ही एट्रुस्कन आहात असं सांगायचं."

"मी अथेन्समध्ये जन्मलोय," मी म्हणालो.

"ते कोणाला कळता कामा नये. अथेन्सच्या कुंभाराचं घंगाळ अथेन्समध्ये कोण विचारतो? प्रत्येक गल्लीत चार कुंभार आहेत. तुम्ही थोडं अडखळत बोला. म्हणजे आता बोलता तसंच."

म्हणजे इथं मी इथला म्हणून कोणी विचारत नाही, आणि तिथं परका म्हणून मिरवायचं. पण अथेन्स म्हणजे अथेन्स. मी विचार करतो म्हणालो.

जेवताना थानियाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमची तर पहिल्यापासूनची इच्छा. जाऊ या की."

"तू येशील?"

"न येऊन काय करू? तिथं मी जेवायला कुठं बसायचं?"

"आतल्या खोलीत. बायकांबरोबर."

"कोणत्या बायकांबरोबर?"

मी आठवून पाहिलं. "वहिनी असेल. जिवंत असली तर."

"आणि तुमच्या बाजूला कोण टेकेल?"

"पुरुष. मित्रमंडळी."

"आहेत का तुमचे तिथं मित्र?"

मी म्हणालो, होतील. तिनं मान हलवली आणि आपल्या ताटलीतला डुकराच्या मांसाचा चांगला तुकडा माझ्या ताटलीत टाकला. भांडली असती तर बरं झालं असतं, मला बोलता तरी आलं असतं.

वद्य चतुर्दशी

बंदरावर जाऊन द्रोमोनला नाही म्हणून सांगितलं. कारण मातीचं दिलं. इथली माती माझ्या हाताला बसली आहे. तो म्हणाला, माती पिंपं भरून नेऊ. मग मी पाण्याचं कारण दिलं. तो म्हणाला, पाणी तिकडेही आहे. मग मी म्हणालो, माझा गुडघा दुखतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, "काकूंना नमस्कार सांगा," म्हणाला आणि विषय संपवला.

मात्र दुकानातली तीन पात्रं त्यानं जहाजावर चढवली. वसंतात आणखी न्यायला येणार आहे. पेंढ्यात बांधायच्या आधी तो म्हणाला, "आता नाव तरी घाला." भाजून झालेल्या पात्रावर रंग चढत नाही, म्हणून टोच्यानं काठाच्या आत कोरलं: पार्मेनोननं केलं, कैस्रात. "अथेन्सचा" हा शब्दही कोरायचा होता, पण जागा पुरली नाही.

घरी आल्यावर थानियाला म्हणालो, जहाज गेलं. ती अंगणात माती चाळत होती. "बरं," म्हणाली. चाळण मात्र नंतर बराच वेळ रिकामीच हलवत होती.

नव्या मद्याचा महिना, शुद्ध सप्तमी

मधे लिहायला सवड झाली नाही. विहीणबाईंच्या गावाहून तीन घरांनी मागणी केली आहे. प्रत्येक घरच्या बाईला झेउस-हेरा हवेत, एका पांघरुणात, आणि हेराचं नाक मागणी करणारीसारखं. एकीनं नाक कमी करायला सांगितलं आहे.

आज पलीकडच्या डोंगरातलं एक गिऱ्हाईक आलं. मेंढपाळांचा मुखिया, जाड कांबळं, मोठा तोरा. मांडून ठेवलेल्या पात्रांकडे पाहून त्यानं विचारलं, "ही जहाजातून आलेली का?"

मी घसा साफ केला. खरं सांगावं तर धंदा बुडायचा, खोटं सांगावं तर आता सगळं गाव जाणतं. मी म्हणालो, "त्याचं असं आहे..."

थानिया हात पुसत बाहेर आली. "नाही हो," ती म्हणाली. "ही जहाजातून जाणारी आहेत."

त्यानं कांबळं खांद्यावरून काढलं, जमिनीवर अंथरलं आणि आधी कुठलं दाखवता म्हणून बसला.